ड्यूक आणि युलिसिस : गोष्ट सांगून झाली, आता घडण वाचा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शैक्षणिक पुरवणीत रॉबर्ट ब्राउनिंग यांची ‘माय लास्ट डचेस’ आणि आल्फ्रेड टेनिसन यांची ‘युलिसिस’ या दोन कवितांची तुलना करणारा मजकूर पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी नुकताच प्रसिद्ध झाला. जिल्ह्याच्या वाचकांसाठी निघणाऱ्या दैनिकाने इंग्रजी कवितेला एवढी जागा द्यावी, याचा इंग्रजीची निवृत्त प्राध्यापिका म्हणून मला मनापासून आनंद झाला. तरीही त्यात जे खटकले ते लिहिणे आवश्यक वाटते, कारण तोच प्रकार महाविद्यालयांच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानांत मिळणाऱ्या नोट्समध्ये, अपेक्षित प्रश्नसंचांत आणि अनेक वर्गांतही वर्षानुवर्षे चालत आला आहे. ड्यूक गर्विष्ठ आणि क्रूर, युलिसिस धाडसी आणि ज्ञानपिपासू. एकाचा विषय मत्सर, दुसऱ्याचा जिद्द. एवढे दोन रकाने भरले की तुलना झाली असे समजले जाते. ज्यांची तुलना करायची त्या दोन कविता आहेत, म्हणजे त्यांना ओळी आहेत, लय आहे, एकीला यमक आहे आणि दुसरीला नाही, याचा पत्ताही या रकान्यांत लागत नाही.

तुलनेसाठी ही जोडी उत्तम आहे, यात वाद नाही. दोन्ही कविता १८४२ साली ग्रंथरूपाने वाचकांसमोर आल्या. ब्राउनिंगची कविता ‘ड्रॅमॅटिक लिरिक्स’ या पुस्तिकेत ‘इटली’ अशा शीर्षकाखाली छापली गेली. आज परिचित असलेले शीर्षक तिला १८४९च्या आवृत्तीत मिळाले. टेनिसनची कविता दोन खंडांच्या ‘पोएम्स’मध्ये आली, पण ती लिहिली गेली होती १८३३च्या ऑक्टोबरमध्ये, जिवलग मित्र आर्थर हॅलम व्हिएन्नात अकस्मात वारल्याची बातमी कवीला कळल्यानंतर लगेचच. पहिलीत बोलणारा इटलीतल्या फेराराचा ड्यूक आहे. भिंतीवरचे आपल्या मृत पत्नीचे चित्र एका पाहुण्याला दाखवत तो बोलतो. दुसरा अल्फोन्सो आणि त्याची कोवळ्या वयात १५६१ साली वारलेली पत्नी लुक्रेझिया दे मेदिची यांची हकीकत तिच्यामागे असल्याचे मानले जाते. दुसरीत बोलणारा इथाकाचा राजा आहे. त्याचे मूळ ग्रीक महाकवी होमरमध्ये असले तरी घर सोडून पुन्हा समुद्रावर निघण्याची त्याची ओढ टेनिसनने दान्तेच्या ‘इन्फर्नो’मधील सव्विसाव्या सर्गातून घेतली. दोघेही सत्ताधीश, दोघेही विवाहित, दोघेही दुसऱ्या कोणाला तोंड उघडू न देता सलग बोलणारे. इतके साम्य असताना दोन्ही कविता कानाला इतक्या वेगळ्या का लागतात, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कथानकात सापडत नाही.

नाट्यात्म एकभाषित, म्हणजे ज्याला आपण वर्गात ड्रॅमॅटिक मोनोलॉग म्हणतो, तो प्रकार मराठी वाचकाला कवितेत काहीसा परका वाटतो, त्याचे कारण आपल्या काव्यपरंपरेत आहे. अभंगाच्या अखेरीस ‘तुका म्हणे’ आले की हे बोल कोणाचे, ही शंका उरत नाही. सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धेश्वर यांच्या कन्नड वचनांतही ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही अंकितमुद्रा येते आणि वचन कोणाचे ते कळते. ‘मी’ म्हणणारा आणि रचणारा एकच आहे, याची ती ग्वाही असते. ब्राउनिंग ही मुद्राच काढून घेतो. ‘ड्रॅमॅटिक लिरिक्स’च्या आरंभीच्या निवेदनात त्याने बजावले आहे की या रचना अनेक काल्पनिक व्यक्तींचे उद्गार आहेत, आपले स्वतःचे नव्हेत. त्याचा परिणाम असा की कवितेत कवी बोलत नाही, निवेदक बोलत नाही आणि ऐकणाराही बोलत नाही. बोलणारा एकटाच, आणि तो तर आपली बाजू मांडायला बसलेला. मग त्याच्या बोलण्यात काय दडले आहे याची साक्ष देणार कोण? साक्ष देते ती कवितेची घडण: ओळ कुठे तुटते, वाक्य कुठे थांबते, यमक ऐकू येते की दडपले जाते, शब्द लांबट आहेत की तोकडे. घडण बाजूला ठेवून या कविता शिकवणे म्हणजे आरोपीचा जबाब तेवढा वाचून निकाल देणे होय.

दिवाकरांच्या नाट्यछटांमुळे मराठी वाचकाला एकटा बोलणारा माणूस आणि त्याच्या बोलण्यातून त्याचेच पितळ उघडे पडणे हे चांगले ओळखीचे आहे. १९११च्या सुमारास सुरू झालेल्या त्या लेखनाला ब्राउनिंगच्या एकभाषितांची प्रेरणा होती, असे आपल्याकडील अभ्यासक सांगत आले आहेत, आणि शाळांच्या नाट्यछटा स्पर्धांमुळे तो प्रकार घरोघरी पोहोचला आहे. मात्र नाट्यछटा गद्यात आहे. त्यामुळे आपले विद्यार्थी ड्यूकच्या बोलण्यातला ढोंगीपणा चटकन पकडतात, आणि तो पद्यात बोलतो आहे ही गोष्ट मात्र तितक्याच सहजपणे विसरतात. माझ्या मते तुलना शिकवताना सर्वांत मोठी गळती इथेच होते.

ड्यूकच्या कवितेत छप्पन ओळी आहेत, म्हणजे अठ्ठावीस यमकबद्ध द्विपदी. प्रत्येक ओळीत साधारण दहा अक्षरे असतात, एक हलके आणि एक जोर दिलेले अशी पाच पावले. आपल्या गणवृत्तांत लघु-गुरू उच्चाराच्या काळावर ठरतात, इथे ते आघातावर ठरतात, एवढा फरक लक्षात ठेवला तर मराठी विद्यार्थ्याला ही लय मुळीच अवघड नाही. ही यमकी द्विपदी इंग्रजीत ड्रायडन आणि पोप यांनी घासूनपुसून लखलखीत केलेली होती. त्यांच्याकडे दोन ओळींत विचार पुरा होतो, यमक टाळीसारखे वाजते आणि मोरोपंतांची आर्या संपावी तसा प्रत्येक जोडीला ठाम शेवट मिळतो. ब्राउनिंगने तेच वृत्त घेतले आणि वाक्ये मात्र ओळीच्या टोकाला थांबूच दिली नाहीत.

विद्यार्थ्यांना ही कविता विरामचिन्हांप्रमाणे मोठ्याने वाचायला सांगितली की बहुतेकांना तिच्यात यमक आहे हेच कळत नाही. पहिल्या ओळीच्या शेवटी ‘वॉल’ आहे, दुसरीच्या शेवटी ‘कॉल’. पण दुसऱ्या ओळीच्या मध्येच एक वाक्य संपते, नवे वाक्य ‘आय कॉल’ म्हणून सुरू होते आणि त्याचे कर्म तिसऱ्या ओळीत जाते, त्यामुळे वाचणाऱ्याला ‘कॉल’वर थांबताच येत नाही. आपल्या छंदशास्त्रात यतिभंग हा दोष मानला आहे. इथे मोडतो तो ओळीच्या टोकाचा विसावा, आणि ती मोडतोड कवीने हेतुपूर्वक, पहिल्या ओळींपासून शेवटपर्यंत केलेली आहे. उत्तम शिंप्याने आतल्या बाजूने घातलेल्या टिपेसारखे हे यमक आहे. कापड तिनेच धरून ठेवलेले असते, पण अंगावर घातलेल्या कपड्यात ती दिसत नाही. ड्यूक अगदी सहज, घरगुती गप्पा माराव्यात तसे बोलतो आहे असे वाटते. मध्येच आपल्याला बोलण्याचे कसब नाही असेही तो सांगून टाकतो. प्रत्यक्षात त्याचे एकही वाक्य चौकटीबाहेर पडलेले नाही, प्रत्येक दुसऱ्या ओळीला यमक अचूक बसलेले आहे. ज्याला बोलता येत नाही तो अठ्ठावीस यमके एवढ्या बेमालूमपणे लपवू शकत नाही. त्याचा नम्रपणा खोटा आहे हे कवी कुठेही सांगत नाही. ते वृत्त सांगते.

याच यमकांतली एक जोडी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. तिसऱ्या आणि चौथ्या ओळींत यमक आहे ‘हँड्स’ आणि ‘स्टँड्स’. फ्रा पांडोल्फ या चित्रकाराचे हात दिवसभर कामात गुंतले आणि आता ती तिथे उभी आहे, असा त्याचा भाग. पुढे पंचेचाळिसाव्या आणि शेहेचाळिसाव्या ओळींत तोच आवाज पुन्हा येतो, मात्र या वेळी जोडी आहे ‘कमांड्स’ आणि ‘स्टँड्स’. मी आज्ञा दिल्या, सारी स्मिते एकदम थांबली, आणि ती तिथे उभी आहे, जणू जिवंतच. पहिल्या वेळी तिला भिंतीवर उभे करणारे चित्रकाराचे हात होते, दुसऱ्या वेळी तिला तिथे उभे करणाऱ्या ड्यूकच्या आज्ञा आहेत. दोन्ही वेळा शेवट एकाच शब्दावर होतो. खून झाला असे वाक्य कवितेत कुठेही नाही, आणि तो शब्द न उच्चारता ब्राउनिंगने केवळ यमकाच्या जागी दुसरा शब्द बसवून चित्र आणि प्रेत यांना समोरासमोर उभे केले आहे. नोट्समध्ये ‘ड्यूकने पत्नीची हत्या करविली’ असे एक वाक्य असते. ते बरोबरही आहे, पण ते वाचून ही ओळ वाचल्यावर अंगावर येणारा काटा येत नाही.

त्याच जागी वाक्यांची लांबीही पाहावी. त्याआधी ड्यूकची वाक्ये वळणावळणाने जातात, मध्ये कंसातली पुस्ती येते, ‘कसे सांगू’, ‘कोण जाणे कसे’ अशी अडखळणे येतात. पत्नीचे मन फार लवकर आनंदून जाई, ही तक्रार करतानाही तो शब्द शोधल्याचे सोंग आणतो. चेरीची फांदी, पांढरे खेचर, मावळतीचा उजेड यांनाही ती आपल्या नऊशे वर्षांच्या घराण्याच्या नावाइतकेच मानत होती, हे त्याचे दुखणे लांबत जाते. आज्ञेपाशी मात्र वाक्य दोन-तीन शब्दांवर येते. अडखळणे संपते, खुलासा संपतो. त्यानंतर दोनच ओळींनी तो पाहुण्याला उठण्याची विनंती करतो आणि खाली मंडळी वाट पाहत आहेत हे आठवून देतो. ऐकणारा कोण, हे आपल्याला कळते ते थेट एकोणपन्नासाव्या ओळीत, म्हणजे कविता संपत आली तेव्हा: तो नव्या वधूच्या पित्याचा, एका काउंटचा दूत आहे आणि बोलणी हुंड्याची चालली आहेत. लग्न जमवायला आलेल्या माणसाला असे काही ऐकवणे ही चूक आहे की पुढच्या डचेससाठी पाठवलेली ताकीद, यावर समीक्षकांचे एकमत नाही. मला ताकीद वाटते, कारण ज्याची यमकेसुद्धा त्याच्या मुठीत आहेत त्याच्या तोंडून एवढी मोठी गोष्ट चुकून निसटेल, हे पटत नाही. तरीही एक शब्द त्याच्या विरोधात जातोच. आपण खाली वाकणार नाही, पत्नीला तिची चूक सांगण्यापुरतेही नाही, असे तो म्हणतो, आणि ‘स्टूप’ (वाकणे) हा शब्द दहा ओळींच्या आत तीनदा उच्चारतो. एका सरदाराच्या नोकरापुढे घरातले सारे गाऱ्हाणे मांडताना तो नेमके तेच करत असतो.

आता ‘युलिसिस’. ओळीची लांबी तीच, पाच पावलांची, पण यमक नाही. निर्यमक पद्याचा हा वारसा शेक्सपिअरच्या नाटकांचा आणि मिल्टनच्या महाकाव्याचा आहे, त्यामुळे तोंड उघडताच बोलणाऱ्याला एक उंची मिळते. सत्तर ओळींची ही कविता उघडते ते वाक्य मात्र उंच नाही, ओढत नेलेले आहे. पाच ओळींचे ते एक वाक्य आहे. त्यात रिकामपणी बसलेला राजा येतो, थंड चूल येते, ओसाड कडे येतात, म्हातारी पत्नी येते, आणि मग तिसऱ्या ओळीच्या उत्तरार्धात कुठे ‘मी’ येतो. वाक्याचा कर्ताच त्या पसाऱ्याखाली गाडला गेला आहे. कंटाळा हा शब्द न वापरता वाक्याच्या रचनेने तो दाखवला आहे. पाचव्या ओळीत प्रजेबद्दलची क्रियापदे ‘अँड’च्या साखळीत एकामागून एक येतात, साठवतात, झोपतात, खातात आणि मला ओळखत नाहीत, आणि ओळ ‘मी’ याच शब्दावर आपटते. विशेष असे की ब्राउनिंगच्या कवितेचा अगदी शेवटचा शब्दही तोच आहे. समुद्राश्वाला वठणीवर आणणाऱ्या नेपच्यूनचा कांस्य पुतळा दाखवत, तो इन्सब्रुकच्या क्लाउसने माझ्यासाठी ओतला, असे म्हणत ड्यूक थांबतो. एक कविता ‘मी’कडे चालत जाते, दुसरी ‘मी’पासून निघून दूर जाते. तुलनेसाठी मला एकच ओळ निवडायला सांगितली तर मी या दोन जागा शेजारी ठेवीन.

वाक्याने ओळ ओलांडणे हे तंत्र टेनिसनही वापरतो, पण काम वेगळे घेतो. सहाव्या ओळीच्या शेवटी ‘आय विल ड्रिंक’ येते आणि काय प्यायचे ते सातव्या ओळीच्या आरंभी, आयुष्य, तेही गाळासकट. ड्यूकचे वाक्य ओळ ओलांडते तेव्हा काहीतरी झाकले जाते. युलिसिसचे वाक्य ओलांडते तेव्हा तहान ओळीत मावत नाही म्हणून सांडते. एकच कारागिरी दोन स्वभावांच्या हाती कशी निरनिराळी होते, हे यापेक्षा स्पष्ट दुसरीकडे दिसणे कठीण आहे, आणि परीक्षेत ‘दोन्ही कवींनी ओळ ओलांडण्याचे तंत्र वापरले आहे’ एवढेच लिहून गुण मिळत असतील तर तो कवितेवर अन्याय आहे.

टेनिसन म्हणजे केवळ नादमधुर आणि ब्राउनिंग म्हणजे खडबडीत, हे समीकरणही आता सोडावे. टेनिसनचा नाद अर्थापासून वेगळा काढता येत नाही. सारा अनुभव म्हणजे एक कमान, तिच्यातून न पाहिलेला प्रदेश चमकतो आणि मी पुढे सरकेन तशी त्याची कड मागे मागे सरते, अशा अर्थाच्या ज्या तीन ओळी आहेत, त्यांबद्दल कवी-समीक्षक मॅथ्यू आर्नल्डने १८६१ साली काहीशी तक्रार केली होती की होमरच्या ‘इलियड’चा एक अख्खा सर्ग वाचायला लागावा जवळजवळ तेवढा वेळ या तीन ओळीच घेतात. तक्रार म्हणून तिची दखल घ्यायला हवी, पण निरीक्षण इतके अचूक आहे की मला ते प्रशस्तीसारखे वाटते. निघायचे आहे असे म्हणणाऱ्या माणसाची ओळ रेंगाळते. शेवटच्या भागात दिवस मावळतो, चंद्र सावकाश चढतो आणि खोल समुद्र अनेक आवाजांनी कण्हतो, तिथेही एकाक्षरी, दीर्घ स्वरांचे शब्द एकापुढे एक असे ठेवले आहेत की जीभ पुढे पळूच शकत नाही. मराठी कानाने ऐकले तर गुरूमागून गुरू येत असल्यासारखे ते वाटते. जाण्याची घोषणा आणि पायांतला जडपणा एकाच वेळी ऐकू येतात. मित्राच्या मृत्यूनंतर जगत राहण्याची गरज या कवितेतून व्यक्त झाली, असे टेनिसनने पुढे सांगितले होते. ते न सांगताही ही लय सांगते.

पाठ्यपुस्तकातला निष्कलंक वीर मला या कवितेत दिसत नाही, आणि त्याचाही पुरावा भाषेतच आहे. मुलाची ओळख करून देणाऱ्या अकरा ओळी पाहाव्यात. एरवी ‘पिणे’, ‘चमकणे’, ‘गंजणे’ अशा जिवंत क्रियापदांनी बोलणारा हा माणूस टेलेमेकसवर आला की कार्यालयीन भाषेत शिरतो: सावकाश शहाणपण, हळुवार पायऱ्या, सामान्य कर्तव्ये, निर्दोष, योग्य. शब्द कौतुकाचे आहेत, ऊब मात्र नाही. बदलीवर निघालेल्या अधिकाऱ्याने पदभार देताना करावे तसे ते भाषण आहे. आणखी एक गोष्ट. पहिल्या भागात ज्या प्रजेला तो रानटी म्हणाला, तिलाच मुलाच्या हाती सोपवताना ‘ओबडधोबड’ म्हणतो. विशेषण गुपचूप सौम्य झाले आहे. जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालताना माल थोडा बरा सांगायचा, हे इथाकातही चालत होते असे दिसते.

ब्राउनिंगचा ऐकणारा ठरलेला आहे, त्याच्या हालचालीही बोलण्यातून दिसतात. ‘नाही, आपण बरोबरच उतरू’ यावरून दूत पुढे-मागे झाला हे कळते. टेनिसनचा ऐकणारा मात्र बदलत राहतो. पहिल्या बत्तीस ओळी तो कोणाशी बोलतो ते समजत नाही, मग मुलाकडे बोट दाखवतो तेव्हा कोणीतरी समोर असावेसे वाटते, आणि शेवटी खलाशांना हाक मारतो तेव्हा ते भाषण होते. ही सैल बांधणी दोष मानणारे टीकाकार आहेत. मला ती या माणसाला शोभणारी वाटते, कारण त्याला श्रोता नको आहे, साथीदार हवे आहेत, आणि ते मिळेपर्यंत त्याचा ‘मी’ ‘आम्ही’ होत नाही. ‘जे आहोत ते आहोत’ या शब्दांपर्यंत कविता पोहोचते तेव्हा पहिल्या पाच ओळींतला एकाकी ‘मी’ पार मागे राहिलेला असतो. शेवटची ओळ, ‘टू स्ट्राइव्ह, टू सीक, टू फाइंड, अँड नॉट टू यील्ड’, हिच्यात दहा अक्षरे आणि दहाच शब्द आहेत, एकही शब्द एकापेक्षा अधिक अक्षरांचा नाही. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ १९१३ साली अंटार्क्टिकात उभारलेल्या क्रुसावर ही ओळ कोरली गेली, आणि आपल्याकडे ती स्नेहसंमेलनांच्या फलकांवर दिसते. फलकावर तिचा अर्थ उरतो तो जिद्दीचा. कवितेत तिच्या आधी काळाने आणि नियतीने दुबळे केल्याची कबुली आहे, ती फलकावर येत नाही.

एक साम्य मात्र दोन्ही कवितांत असे आहे की त्याचा उल्लेख मी एकाही नोट्समध्ये पाहिलेला नाही. दोन्हींत पत्नीला नाव नाही. ड्यूक चित्रकाराचे नाव घेतो, शिल्पकाराचे नाव घेतो, हे दोघेही ब्राउनिंगने कल्पिलेले आहेत, पण डचेसला तो नावाने एकदाही हाक मारत नाही. युलिसिस मुलाचे नाव अभिमानाने उच्चारतो, अकिलीजचे नाव घेतो, आणि वीस वर्षे वाट पाहणाऱ्या पेनेलोपीला ‘म्हातारी पत्नी’ एवढ्या दोन शब्दांत, तेही वाक्याच्या एका पोटभागात, उरकतो. एकाला खलनायक आणि दुसऱ्याला नायक म्हणणाऱ्या रकान्यांत ही गोष्ट कुठे लिहायची? समीक्षक रॉबर्ट लँगबॉम यांनी १९५७ साली या काव्यप्रकाराविषयी लिहिताना सहानुभूती आणि न्यायनिवाडा यांच्यातील ताण हेच त्याचे मर्म मानले. तो ताण दोन्ही कवितांत आहे, प्रमाण उलटसुलट आहे एवढेच: ड्यूकचा निषेध करतानाही आपण त्याच्या बोलण्यात गुंतत जातो आणि युलिसिसला दाद देतानाही कुठेतरी बिचकतो.

हे सारे सोलापूरच्या विद्यार्थ्यांना झेपणार नाही, असा सूर शिक्षकांच्या बैठकांत अनेकदा लागतो. मला तो मान्य नाही. या शहरात एकाच बाकावर घरी तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी मुले शेजारी बसतात. लय कशी बदलते हे त्यांच्या कानांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक असते. राम जोशींची लावणी ज्या शहराने जन्माला घातली त्या शहराला यमक कसे वाजते आणि कसे लपते हे नव्याने शिकवावे लागू नये. आणि एकभाषिताचा नमुनाही आपल्याकडे आहेच. सोलापूरचे कवी कुंजविहारी यांच्या ‘भेटेन नऊ महिन्यांनी’ या कवितेत फाशी जाणारा तरुण आईशी बोलतो आणि पुन्हा जन्म घेऊन येण्याचे वचन देतो. ज्या शहराच्या चार सुपुत्रांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले, तिथे त्या कवितेची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. तिथेही बोलणारा कवी नव्हे, ऐकणारी समोर आहे आणि ती बोलत नाही. फरक इतकाच की त्या तरुणाच्या शब्दांवर संशय घ्यावा अशी एकही फट कवीने ठेवलेली नाही, रचना त्याच्याविरुद्ध साक्ष देत नाही, उलट त्याच्या पाठीशी उभी राहते. ब्राउनिंग आणि टेनिसन यांच्याकडे वळण्यापूर्वी एक तास या कवितेवर घालवला, तर रचना बोलणाऱ्याच्या बाजूची असते तेव्हा काय होते आणि नसते तेव्हा काय होते, हे विद्यार्थ्यांना व्याख्येशिवाय कळेल.

म्हणून आपल्यामार्फत प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की ‘दोन्ही व्यक्तिरेखांची तुलना करा’ हा प्रश्न काही वर्षे बाजूला ठेवावा आणि त्याऐवजी प्रत्येक कवितेतील आठ-दहा ओळी छापून, त्यांतील वाक्ये, विराम आणि यमक यांवर लिहायला सांगावे. अशा प्रश्नाचे उत्तर झेरॉक्सच्या दुकानात मिळत नाही. तोंडी परीक्षेत उतारा मोठ्याने वाचून घेण्यासाठी काही गुण राखता आले तर अधिकच बरे, कारण ‘वॉल’ आणि ‘कॉल’ यांचे यमक विद्यार्थ्याला ऐकू आले की नाही हे त्याच्या वाचण्यावरून लगेच समजते. आपल्या पुरवणीलाही एक सुचवावेसे वाटते. दोन्ही कविता स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर गेलेल्या आहेत, तेव्हा पुढील वेळी सारांश न देता त्यांची मूळ संहिता, ओळींच्या क्रमांकांसह, देवनागरी उच्चार आणि मराठी गद्यार्थ सोबत ठेवून छापता येईल. एकूण एकशे सव्वीस ओळींना अर्धे पान पुरणार नाही, पण दोन आठवड्यांत विभागून त्या सहज बसतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, सोलापूर